ऑक्टोबर आला की डोकं धरतं: चिनी सुया, चिनी काढे कुणी करून पाहिलेत का?

सुमेधा_मुलुंड | ५ ऑक्टोबर, रात्री ११.४०

मंडळी, आजचा अख्खा दिवस पडदे ओढून, डोळ्यांवर ओढणी बांधून काढला. आत्ता कुठे जरा उतार पडलाय, म्हणून लिहितेय.

माझ्या डोकेदुखीचे वर्षातून दोन मोसम ठरलेले आहेत. पहिला जूनचा, आभाळ गच्च भरून येतं पण पडायचं नाव घेत नाही तेव्हाचा. त्या वेळी डोकं ठणकत नाही, नुसतं जड होतं. न्हाल्यावर ओला पंचा गुंडाळून दिवसभर फिरतोय असं वाटतं. दुसरा मोसम हा. पाऊस काढता पाय घेतो, दुपारचं ऊन करपवायला लागतं आणि उजव्या भुवईच्या वर कुणीतरी हातोडी घेऊन बसतं. सकाळी दहाला सीएसएमटीला उतरून ऑफिसपर्यंत चालायचं म्हणजे परीक्षा. मधले महिने तक्रार नाही.

वय ४१. डोळे तपासले, नंबर तोच आहे. एमआरआय झाला, नॉर्मल. एकांनी सायनस म्हणून सांगितलं, एकांनी मायग्रेन. गोळी घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

आता ऑफिसातली एक मैत्रीण मागे लागलीय की चिनी अ‍ॅक्युपंक्चर कर, तिच्या नणंदेचं वर्षानुवर्षांचं डोकं थांबलं म्हणे. सोबत काही चिनी वनस्पतींचे काढेही देतात म्हणते. मला सुईची भीती नाही, पैसे आणि वेळ वाया जायची आहे. कुणाला स्वतःचा अनुभव आहे का? ऐकीव नको, नणंदा पुष्कळ झाल्या.

विक्षिप्त_वासू | ५ ऑक्टोबर, रात्री ११.५२

चिनी माल आहे ताई. गॅरंटी कार्ड आधी मागून घ्या.

चाफा | ५ ऑक्टोबर, रात्री ११.५५

वासू, झोपा आता.

गिरगावकर_काका | ६ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

सुमेधा, आमच्या चाळीत कुणी डोकं धरून बसलं की आजी दोनच प्रश्न विचारायची. न्हाल्यावर केस वाळवलेस का? आणि खिडकीशी झोपली होतीस का? म्हणजे वारं लागलं, निदान संपलं. मग सहाणेवर सुंठ उगाळायची, पळीत कोमट करायची आणि कपाळाला थापायची. लेप वाळला की कातडं ओढलं जातं आणि अशी काही भगभग सुटते की डोकेदुखीची आठवण राहत नाही. बहुधा तोच त्यातला गुण असावा.

तू लोकलच्या दारात उभी राहतेस का? माझी सून राहते. घामेजलेल्या मानेवर तो वारा बसतो, संध्याकाळी हिचं डोकं सुरू. मी मफलर बांध म्हटलं तर हसते.

बाकी अ‍ॅक्युपंक्चरला चिनी म्हणून नाक मुरडू नका. आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ते इकडे आणलं.

निमा_दादर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.०५

मी 'करून पाहिलेलं' सांगते, पण हसायचं नाही.

उष्णतेच्या डोकेदुखीला चिनी लोक शेवंतीच्या फुलांचा चहा पितात असं वाचलं होतं. आदल्या दिवशी दसरा झालेला, घरात शेवंतीच्या ढिगाने वेण्या आणि हार. दाराच्या तोरणाची उरलेली मूठभर फुलं धुतली, उकळली, गाळली. रंग काय सुंदर आला, फिका सोनेरी! चव मात्र कडू, आणि मागून काहीतरी औषध फवारल्याचा वास. दोन घोट घेतले. डोकं राहिलं बाजूला, दिवसभर मळमळ. नवरा म्हणाला, देवाला वाहिलं ते देवाला पचतं, तुला कसं पचेल?

विक्षिप्त_वासू | ६ ऑक्टोबर, सकाळी ९.११

तोरणाचा चहा! आता आंब्याच्या पानांची कोशिंबीर येऊ द्या.

शांघाय_रिटर्न | ६ ऑक्टोबर, दुपारी २.३०

निमाताई, फूल बरोबर, दुकान चुकलं. चहाची शेवंती वेगळी पिकवतात. ती खाण्यासाठीच लावलेली आणि वाळवलेली असते, छोटी गोल फुलं येतात. दादरच्या फुलबाजारातली हारांसाठी असते, तिच्यावर काय मारलंय याचा हिशोब कुणी ठेवत नाही. परत करू नका.

काका, एक दुरुस्ती. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते परत आलेच नाहीत. डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले, वय अवघं ३२. शिवाय ते शल्यविशारद, सुयांशी त्यांचा संबंध नव्हता. अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. विजय बसूंनी. १९५०च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि कलकत्त्यात सुरू केलं. कोटणीस मात्र शिकले ते आपल्या परळच्या जी. एस. मेडिकलला, एवढा मुंबईचा वाटा.

आता मूळ प्रश्न. मी नोकरीनिमित्त पाच वर्षं शांघायला होतो आणि मला सुमेधाताईंच्या जूनसारखंच व्हायचं. तिथेही जूनच्या मध्यापासून तीनेक आठवडे सतत झिमझिम असते. 'मेइयू' म्हणतात, आलुबुखारासारखी फळं पिकायच्या वेळचा पाऊस. भिंतींना घाम, कपड्यांना बुरशी, अगदी आपलं माहेर. ऑफिसातल्या एकाने सरकारी रुग्णालयाच्या चिनी वैद्यक विभागात नेलं.

बाईंनी आधी जीभ बाहेर काढायला लावली. पांढरा, जाडसर थर होता. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी. मग विचारलं, दुखतं कुठे? कारण तिकडे नुसत्या 'डोकं दुखतं' वर औषध नाही. कपाळ दुखलं तर एक मार्ग (यांगमिंग), कानशिलं दुखली तर दुसरा (शाओयांग), मानेपासून वर चढलं तर तिसरा (थाययांग), टाळू दुखली तर चौथा (चुएयिन). त्यानंतर कसं दुखतं? वाऱ्याने मान आखडते, पांघरूण हवंसं वाटतं तर 'वारा आणि थंडी'. फुटेल असं वाटतं, तोंड लाल होतं, तहान लागते तर 'वारा आणि उष्णता'. आणि जड, गुंडाळल्यासारखं असेल तर 'वारा आणि ओल'. त्यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'हुआंगदी नेइचिंग' ग्रंथात वाक्यच आहे की ओल बाधली की डोकं गुंडाळल्यासारखं होतं. ताई, तुमचा ओला पंचा वाचून मी खुर्चीतून उठलो.

सुया बसवल्या त्या कवटीच्या खाली मानेच्या दोन्ही बाजूंना जिथे खळगे लागतात तिथे, तिकडच्या भाषेत 'फेंगछि', वाऱ्याचं तळं. शिवाय अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात 'हेगू', आणि दोन्ही पावलांवर एकेक. टोचताना मुंगी चावल्यासारखं. खरी गंमत नंतर, त्या सुईला जरा फिरवतात तेव्हा आतून एक बोथट, जडसर कळ हातभर पसरते. त्याला 'दे-छी' म्हणतात, ती आली की वैद्य खूश. मग वीस-पंचवीस मिनिटं पडून राहायचं. मी घोरलो.

काढा रुग्णालयातच उकळून दुधाच्या पिशवीसारख्या सीलबंद पिशव्यांत देत. सकाळ-संध्याकाळ एकेक, गरम पाण्यात कोमट करून. चवीचं वर्णन करत नाही, जेवायची वेळ आहे कुणाकुणाची.

आठ बैठका झाल्या. त्या पावसाळ्यात डोकं चारदा धरलं, आदल्या वर्षी दिवस मोजायचं सोडून दिलं होतं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच महिन्यात माझ्या अमेरिकेबरोबरच्या रात्रीच्या मीटिंगही थांबल्या. श्रेय कुणाचं, देव जाणे.

गिरगावकर_काका | ६ ऑक्टोबर, दुपारी ४.०२

दुरुस्ती मान्य. शाळेत बहुधा मीच नीट ऐकलं नव्हतं.

पण बघा, 'वाऱ्याचं तळं' मानेच्या मागे! आजी तिथेच स्कार्फ बांधायची. चिनी बाईंना नाडी बघून जे कळलं ते तिला खिडकी बघून कळायचं.

तर्कट_ठाणे | ६ ऑक्टोबर, सायं. ७.४५

एवढं सगळं वाचलं. आता कुणीतरी वाईटपणा घ्यायला हवा, तर मी घेतो.

नाड्यांचे ते चौदा मार्ग शवविच्छेदनात आजवर कुणाला सापडलेले नाहीत. 'छी', म्हणजे त्या मार्गांतून वाहते म्हणतात ती प्राणशक्ती, मोजायचं यंत्र नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा २०१६ चा आढावा आहे, मायग्रेन आणि अ‍ॅक्युपंक्चर यावर, २२ चाचण्या, ४९८५ रुग्ण. खरी सुई टोचलेल्यांपैकी १०० मध्ये ५० जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली. खोटी सुई, म्हणजे भलत्याच जागी किंवा न शिरणारी, तिथे ४१ जणांची. फरक नऊचा! त्या नऊसाठी दर आठवड्याला पाकीट रिकामं करायचं का? आणि ओल, वारा, उष्णता ही भाषा सुंदर आहे, कवितेला बरी.

शांघाय_रिटर्न | ६ ऑक्टोबर, रात्री ८.२०

तोच आढावा अर्धा वाचून दाखवलात. त्याच कागदावर, दुसऱ्या काही चाचण्यांच्या हिशोबात, असंही आहे की अ‍ॅक्युपंक्चर न करता नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांपैकी १०० मध्ये १७ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली आणि केलेल्यांपैकी ४१ जणांची. मायग्रेन टाळायच्या रोजच्या गोळ्यांच्या तुलनेतही ते कमी पडलं नाही. म्हणजे मार्ग खरे की खोटे हा वाद तुमचा. ज्याचं डोकं दुखतंय त्याला ४१ आणि १७ मधला फरक कळतो.

तर्कट_ठाणे | ६ ऑक्टोबर, रात्री ८.३१

म्हणजे झोपवून वीस मिनिटं कुणी मायेने विचारपूस केली की बरं वाटतं. हे मला आधीपासून मान्य आहे. माझी आई फुकट करायची.

चाफा | ६ ऑक्टोबर, रात्री ८.३३

मुंबईत वीस मिनिटं आडवं पडू देणारं कुणी भेटत असेल तर मी सुयाच काय, खिळेही टोचून घेईन.

स्टेथोस्कोप | ६ ऑक्टोबर, रात्री १०.५०

मी फॅमिली फिजिशियन आहे, उपनगरात दवाखाना. सुमेधाताई, कुणीच विचारला नाही तो प्रश्न विचारतो: महिन्यातून किती दिवस गोळी घेता? आणि एकाच औषधाची साधी की दोन-तीन औषधं एकत्र असलेली, कॅफीन वगैरे घातलेली? आकडा मोजून सांगा, अंदाजे नको.

दुसरं. 'सायनस आहे' असं स्वतः किंवा डॉक्टरांनी ठरवलेल्या जवळपास तीन हजार लोकांना अमेरिकेत तपासलं होतं, त्यांतल्या ८८ टक्क्यांचं दुखणं मायग्रेनच्या प्रकारात बसलं. हवा बदलली, भुवईवर दुखलं, नाक जरा चोंदलं की आपण सायनस म्हणतो. एका बाजूला ठणकतं, उजेड नको होतो, चालल्यावर वाढतं, हे तुम्ही लिहिलेलं वर्णन त्याच दिशेचं वाटतं. तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

हवेचा संबंध अगदीच काल्पनिक नाही. बॉस्टनच्या एका रुग्णालयात डोकेदुखीसाठी तातडीच्या विभागात आलेल्या सात हजारांवर लोकांचा हिशोब मांडला होता. आदल्या चोवीस तासांत तापमान पाच अंशांनी चढलं की येणाऱ्यांचा धोका साडेसात टक्क्यांनी वाढत होता. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे सुटतात, समुद्रावरचा वारा उशिरा आत येतो आणि पारा ३६-३७ ला टेकतो. पाणी कमी पडतं ते वेगळंच.

अ‍ॅक्युपंक्चरला माझा विरोध नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत ताणाच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत दहा बैठकांपर्यंत सुचवलंय. सुया दर वेळी नवीन, सीलबंद पाकिटातल्या, समोर फोडलेल्या हव्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगायचं, दिवस गेले असतील तर आधी सांगायचं. हेगूचा तो बिंदू गरोदरपणात परंपरेनेच टाळतात.

काढ्यांबाबत मात्र मी कडक आहे. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी चुकून तिच्याच नावासारखी दुसरी गेली. तीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली, पुढे काहींना कर्करोग झाला. वनस्पती खरी असूनही पुडीत तीच आहे का, हे तुम्हाला मुंबईत बसून कसं कळणार? लेबल मँडरिनमध्ये, विकणारा म्हणतो 'सब नॅचरल है'.

आणि सगळ्यांसाठी: अचानक, क्षणात शिगेला पोचलेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर धागा वाचत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

सुमेधा_मुलुंड | ६ ऑक्टोबर, रात्री ११.२५

डॉक्टर, मोजायला म्हणून पर्स उलटी केली. सप्टेंबरच्या रिकाम्या पट्ट्या पर्सच्या तळाशी सापडल्या, चुरगळलेल्या, तिकिटाच्या पावत्यांबरोबर. तेरा दिवस. हो, तीन औषधं एकत्र असलेली. ऑगस्टमध्ये अकरा असतील, तेव्हा तर मोसमही नव्हता. मी वर 'मधले महिने तक्रार नाही' असं लिहिलंय ते खोटं ठरलं म्हणायचं.

स्टेथोस्कोप | ६ ऑक्टोबर, रात्री ११.४८

हेच हवं होतं. एकत्रित गोळ्या महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांवर गेले की गोळीच डोकं दुखवायला लागते. साध्या गोळीला ती सीमा पंधरा दिवसांची. तुमचा ऑक्टोबर खरा आहे, पण त्याच्या पाठीवर गोळीही बसलेली असू शकते. ती कमी करायची कशी ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, पहिले आठ-दहा दिवस जास्त दुखतं. मनाने बंद करू नका.

रानवाट | ७ ऑक्टोबर, सकाळी ८.४०

जरा आपल्या घरातलंही बघू. आयुर्वेदात ऑक्टोबर म्हणजे शरद, पित्ताच्या प्रकोपाचा काळ. पावसाळ्यात साठतं, ऊन पडलं की उसळतं. सूर्याबरोबर चढणारं आणि उतरणारं डोकं म्हणजे सूर्यावर्त, त्याला वेगळं नावच आहे. माझ्या मामाला सूर्योदयाआधी गरम दूध-जिलबी द्यायचे अर्धशिशीवर.

विक्षिप्त_वासू | ७ ऑक्टोबर, सकाळी ८.४४

मला आत्ताच अर्धशिशी सुरू झाली.

निमा_दादर | ७ ऑक्टोबर, सकाळी ८.५०

मलापण. पाव किलोची.

शांघाय_रिटर्न | ७ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

रानवाट, मुद्दा महत्त्वाचा आहे. चिनी पंचांगात शरद सुरू होतो ७-८ ऑगस्टला, आणि त्या ऋतूचा दोष म्हणजे कोरडेपणा. घसा कोरडा, कातडी कोरडी, म्हणून तिकडे शरदात पेअर उकडून खातात. आपल्याकडे ७ ऑगस्टला हिंदमाताला गुडघाभर पाणी असतं! त्यामुळे इंटरनेटवरचं 'शरद ऋतूसाठी चिनी पथ्य' जसंच्या तसं मुंबईला लावलं तर फजिती. तिकडच्या बाईंनीही मला तारीख विचारली नाही, लक्षणं विचारली. सुमेधाताईंचा जून 'ओल', ऑक्टोबर 'उष्णता', म्हणजे एकाच माणसाला दोन वेगळे उपचार. एकच काढा बारा महिने देणारा भेटला तर त्याला चिनी वैद्यक येत नाही एवढं समजा.

डॉक्टरांच्या काढ्याबाबतच्या इशाऱ्याला माझंही अनुमोदन. मी तिकडे प्यायलो कारण तिथली रुग्णालयाची फार्मसी होती. इथे परतल्यावर एकही पुडी मागवली नाही. डोकेदुखीचं त्यांचं सगळ्यात नावाजलेलं चूर्ण सुंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या ग्रंथातलं आहे, ते हिरव्या चहाबरोबर घेतात. त्यातला पुदिना आणि चहा आपल्या घरात आहेच, तेवढ्यावर मी भागवतो. गुण येतो का? तोंडाला चव येते.

मझगावची_मैना | ७ ऑक्टोबर, दुपारी १.१०

अवांतर आहे, पण चिनी म्हटलं की राहवत नाही. आमच्या डॉकयार्ड रोडजवळ चिनी देऊळ आहे, सी यप कून, १९१९ सालचं. लाल दार, वरच्या मजल्यावर देव, उदबत्त्या आपल्यासारख्याच. लहानपणी आईचा दात काढायला आम्ही चिनी डेंटिस्टकडे जायचो, तेव्हा मुंबईत पुष्कळ होते. त्यांच्या दवाखान्यात कसल्यातरी बामचा वास भरून राहिलेला असायचा. वाघाचं चित्र असलेली डबी.

गिरगावकर_काका | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.२५

तो टायगर बाम. तोही चिनी वैद्याचाच, रंगूनमधला. पण मैनाबाई, आपली पिवळी बाटली विसरू नका. अमृतांजन १८९३ साली आपल्या मुंबईतच सुरू झालं, मद्रासला नंतर गेलं. कापूर, पुदिन्याचं सत्त्व, दोन्हीकडे थोडंफार तेच. आजोबा लावून झोपायचे आणि आम्हा पोरांचे डोळे चुरचुरायचे.

तर्कट_ठाणे | ७ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

यावर माझा आक्षेप नाही. बाम लावल्यावर गार वाटतं ते खरोखर वाटतं, त्याला छी लागत नाही.

कोपरखळी | ७ ऑक्टोबर, रात्री ९.१५

सावधगिरीचा अनुभव. मागच्या वर्षी पश्चिम उपनगरातल्या एका 'ओरिएंटल' सेंटरमध्ये गेलो होतो, नाव घेत नाही. जीभ नाही, नाडी नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने कपाळाकडे बघून सांगितलं, 'सर, तुमची एनर्जी ब्लॉक आहे, तीस सेशन्सचं पॅकेज घ्या, आज भरलं तर कपिंग फ्री.' मी दहाचे भरले. फुकटच्या कपिंगने पाठीवर जांभळे गोल उठले, बायकोला वाटलं अपघात झाला. आईने शर्ट वर करून बघितलं आणि म्हणाली, 'अरे, तुंबडी लावून घेतलीस? आमच्या गावात बाजाराच्या दिवशी लावायचे, मूठभर ज्वारी घेऊन!' डोकं होतं तिथेच आहे. सहाव्या वेळी गेलो तेव्हा टोचणारा माणूस बदललेला, त्याच्याकडे कागदच नव्हता माझा.

शांघाय_रिटर्न | ७ ऑक्टोबर, रात्री ९.४०

म्हणून नोंदणी विचारायची. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे आणि नोंदणी क्रमांक मिळतो. केंद्रानेही २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. भिंतीवर ड्रॅगनचं चित्र आहे का हे न बघता प्रमाणपत्रावर क्रमांक आहे का ते बघा. आणि पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. चार-पाच बैठकांत काहीच फरक नाही तर थांबायचं, हे मला तिकडच्या बाईंनीच सांगितलं होतं.

कोपरखळी | ७ ऑक्टोबर, रात्री ९.४४

ड्रॅगन होता. दोन होते.

सुमेधा_मुलुंड | ८ ऑक्टोबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. आधी माझ्या डॉक्टरांना गाठून गोळ्यांचं बघते. सोबत नोंदणी असलेल्या एका बाईंकडे सहा बैठका, काढा नाही. कॅलेंडरवर रोज खूण करणार, कालनिर्णयच्या मागच्या पानावर आईचा दुधाचा हिशोब असतो त्याच्या शेजारी. महिन्याने येऊन सांगते.

विक्षिप्त_वासू | ८ ऑक्टोबर, रात्री १०.०९

आणि जिलबी?

सुमेधा_मुलुंड | २२ नोव्हेंबर, रात्री ९.३०

धागा वर काढते.

गोळ्या कमी करण्याचे पहिले नऊ दिवस लिहिण्यासारखे नाहीत. तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या पॅन्ट्रीत फ्रीजला कपाळ टेकवून उभी होते, प्यून घाबरून पाणी घेऊन आला. त्या आठवड्यात दोन वेळा सुया झाल्या. बाई कमी बोलणाऱ्या, मालवणच्या. शांघायकरांनी लिहिलेली ती बोथट कळ हाताच्या चिमटीतून कोपरापर्यंत गेली तेव्हा मी 'आई गं' म्हटलं, तर त्या म्हणाल्या, 'आता ठीक.' मानेत टोचल्यावर मात्र खरंच काहीतरी सैल पडलं. पाचेक मिनिटांत खांदे कानांपासून खाली आले. मला माहीतच नव्हतं ते वर होते.

हिशोब: सप्टेंबरमध्ये गोळीचे तेरा दिवस. गेल्या चार आठवड्यांत चार. डोकं दुखल्याचे दिवस सात, पण त्यातले तीन नुसतं चुळबुळ करून गेले.

तर्कट_ठाणे | २२ नोव्हेंबर, रात्री ९.४१

अभिनंदन मनापासून. पण गोळी सोडली, सुया केल्या, आणि ऑक्टोबरही संपला. तिन्ही एकदम.

सुमेधा_मुलुंड | २२ नोव्हेंबर, रात्री ९.५०

माहितेय हो. म्हणून सुयांची बाकीची वेळ मेच्या शेवटासाठी ठेवलीय. जूनमध्ये आभाळ दाटलं की तेव्हा खरी परीक्षा, तेव्हा गोळ्यांची सबब नसेल. खुणा चालू ठेवणार आहे.

स्टेथोस्कोप | २२ नोव्हेंबर, रात्री १०.०२

छान. कॅलेंडर टाकू नका, पुढच्या वेळी डॉक्टरांना तेच दाखवा. एमआरआयपेक्षा ते जास्त बोलतं.

निमा_दादर | २२ नोव्हेंबर, रात्री १०.१०

मालवणच्या बाईंचा पत्ता मला खाजगी निरोपात पाठव गं. मी शेवंती सोडली.

गिरगावकर_काका | २३ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

सुमेधा, सगळं वाचलं. लोकलमध्ये मफलर बांधतेस का?

सुमेधा_मुलुंड | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

बांधते काका. आत्ता नाहूरला दारातच उभी आहे, पण बांधलाय.